पटनीच्या बोटहाउसच्या दारावरची पाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला शिकायला, नोकरीला किंवा लेकीकडे महिनाभर राहायला आलेली मराठी मंडळी एखाद्या रविवारी पटनीच्या नदीकाठी फिरायला जातात आणि बोटहाउसच्या रांगेसमोर थबकतात. दारावर क्लबचं नाव, साल, चिन्ह, आणि बाजूला ‘फक्त सभासदांसाठी’. मग प्रश्न येऊ लागतात. खाली उत्तरं देताना लंडन रोइंग क्लबची पाटी मुख्य धरली आहे आणि शेजाऱ्यांना गरजेपुरतं बोलावलं आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

१. ही पाटी नेमकी कुठे आहे? पटनी ब्रिज स्टेशनला उतरलो, पण बोटी काही दिसल्या नाहीत.

बरोबर आहे. पटनी ब्रिज हे डिस्ट्रिक्ट लाइनचं स्टेशन नावाने पटनीचं असलं तरी आहे उत्तर काठावर, फुलहॅममध्ये. तिथून पूल चालत ओलांडायचा आणि दक्षिण काठाला उतरल्यावर उजवीकडे वळायचं. वॉटर्लूहून आगगाडीने पटनीला उतरलात तर हाय स्ट्रीटने सरळ नदीपर्यंत खाली यायचं आणि पुलापाशी डावीकडे. पुढे स्टार अँड गार्टरची मोठी जुनी इमारत लागते आणि त्यानंतर बोटहाउसची रांग सुरू होते. नदीकाठच्या या रस्त्याला सगळे ‘एम्बँकमेंट’ म्हणतात. पण टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एम्बँकमेंट’ सांगितलंत तर तो वेस्टमिन्स्टरजवळच्या त्याच नावाच्या स्टेशनाकडे नेईल. ‘पटनी एम्बँकमेंट’ असं पूर्ण सांगा.

२. लंडन रोइंग क्लब आणि थेम्स रोइंग क्लब एकच ना? दोन्ही पाट्या जवळजवळच दिसतात.

नाही, दोघे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी आहेत. लंडन १८५६ चा, थेम्स १८६० चा. लंडनच्या स्थापनेची बैठक स्टार अँड गार्टरमध्येच भरली. थेम्सकाठच्या हेन्ली गावी दर वर्षी होणाऱ्या नामांकित शर्यतींत उतरून जिंकायचं हा त्या मंडळींचा पहिल्या दिवसापासूनचा हेतू, आणि पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, त्यांनी तिथला सर्वांत मानाचा ग्रँड चॅलेंज कप जिंकलाही.

थेम्सची सुरुवात साधी होती. लंडनच्या व्यापारी भागातल्या कापडाच्या वखारींमधले कारकून आणि विक्रेते संध्याकाळी हातपाय हलवायला जमायचे. शर्यती नंतर आल्या. हिवाळ्यात अंगात गंज चढू नये म्हणून याच क्लबातल्या काहींनी १८६८ मध्ये माळरानावर धावायला सुरुवात केली आणि त्यातून ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ उभा राहिला. क्रॉस-कंट्री धावण्याचा तो जगातला सर्वांत जुना क्लब. काठावर वेस्टा हा १८७० चा क्लब आहे, शाळा-कॉलेजांची बोटहाउसंही आहेत. तेव्हा फोटोखाली नाव घालण्याआधी पाटी नीट वाचा. इथल्या लोकांना ही चूक झोंबते.

३. पाटीवर १८५६ आहे, म्हणजे इमारत तेवढी जुनी?

पाटीवरचं साल संस्थेचं असतं, विटांचं नव्हे. लंडन रोइंग क्लबचं क्लबहाउस स्थापनेनंतर पंधराएक वर्षांनी बांधलं गेलं. थेम्सची इमारतही १८७० च्या दशकाच्या अखेरची. त्याआधी होड्या नावाड्यांच्या किंवा होडी बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये ठेवायचे, बैठक एखाद्या खानावळीत भरायची.

याचं टोकाचं उदाहरण आपल्याकडे सापडतं. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा. आज तो दक्षिण कोलकात्यात रवींद्र सरोवराच्या काठी आहे. ते सरोवर कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १९२० च्या दशकात खणून घेतलं. म्हणजे क्लबचं वय तो ज्या पाण्यावर वल्हवतो त्या पाण्याहून साठ-सत्तर वर्षांनी जास्त!

४. मग लंडनचा सर्वांत जुना क्लब हाच का?

नाही. लिअँडर क्लब १८१८ च्या सुमाराचा आणि जन्माने लंडनचाच. पण त्याने १८९७ मध्ये हेन्लीला आपलं क्लबहाउस उभारलं आणि हळूहळू तो तिथलाच झाला. त्यांचा गडद गुलाबी रंग आणि पाणघोड्याचं चिन्ह पाहिलं असेल. पाण्यात असताना नाक वर ठेवणारा दुसरा प्राणी नाही म्हणून तो निवडला, असा टोमणा बाकीचे क्लब मारतात. लिअँडरवालेही तो आनंदाने सांगतात.

५. नावात ‘सिटी’ किंवा ‘रॉयल’ लावायचं कोण ठरवतं? आमच्या पुण्यातल्या क्लबात रॉयल आहे, इथे राजधानीत नाही, असं कसं?

‘सिटी’ लावायला कोणाची परवानगी लागत नाही. थेम्स रोइंग क्लबचं पहिलं नाव ‘सिटी ऑफ लंडन रोइंग क्लब’ असंच होतं, ते १८६२ मध्ये बदललं. त्यातली ‘सिटी’ म्हणजे अख्खं शहर नव्हे. लंडनच्या पोटातला, बँका आणि वखारींचा तो एक चौरस मैलाचा भाग. म्हणून ‘लंडन रोइंग क्लब’ आणि ‘सिटी ऑफ लंडन रोइंग क्लब’ हे एकाच क्लबचं छोटं-मोठं नाव समजू नका.

‘रॉयल’ मात्र मनाने लावता येत नाही, त्याला राजघराण्याकडून मंजुरी लागते. हेन्लीची शर्यत १८३९ ची, पण ती रॉयल झाली १८५१ मध्ये, प्रिन्स आल्बर्टने आश्रयदाता व्हायचं मान्य केल्यावर. पुण्याच्या रॉयल कॅनॉट बोट क्लबच्या नावातला कॅनॉट म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट. तो १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचा सेनापती होता, त्यामुळे पुण्याशी त्याचा थेट संबंध. रॉयल असणं हे वयाचं किंवा खेळातल्या दर्जाचं माप नाही. कोणाशी ओळख होती एवढंच त्यातून कळतं.

६. काही दारांवर ‘बोट क्लब’, काहींवर ‘रोइंग क्लब’. फरक काय?

ढोबळ रीत अशी की इंग्लंडमध्ये शाळा, कॉलेज, विद्यापीठ यांचे ते बोट क्लब आणि सर्वांना खुले ते रोइंग क्लब. पटनीत इम्पीरिअल कॉलेजचा बोट क्लब आहे, वेस्टमिन्स्टर शाळेचाही. अपवाद भरपूर आहेत, आणि इंग्लंडबाहेर तर ही रीत चालतच नाही. मद्रास बोट क्लब आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट हे काही कॉलेजचे नाहीत.

७. पाटीवर किंवा दारावर जे रंगीत पट्टे असतात त्यांना काही अर्थ आहे, की नुसती सजावट?

अर्थ आहे, आणि तो पाण्यावर कामाला येतो. प्रत्येक क्लबच्या वल्ह्याच्या पात्याचा रंग ठरलेला असतो. शर्यतीत दूरवरून नाव वाचता येत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, पण पाण्यातून वर येणारी पाती दिसतात. लंडनचा निळा-पांढरा, थेम्सचा लाल-पांढरा-काळा, ऑक्सफर्डचा गडद निळा, केंब्रिजचा फिकट निळा. मनातून सांगायचं तर पाटीवरच्या नावापेक्षा हे पट्टेच पाठ करावेत. पुलावर उभं राहून दोन तास शर्यत पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

८. ‘फक्त सभासदांसाठी’ लिहिलंय. नुसतं आत डोकावलं तर चालतं का?

रस्ता आणि काठ सार्वजनिक आहेत. तिथे उभं राहून उघड्या दारातून होड्यांचे रॅक पाहायला कोणी हरकत घेत नाही. उंबरठ्याच्या आत मात्र विचारल्याशिवाय जाऊ नका. कारण शिष्टपणाचं नसून अडचणीचं आहे. एट म्हणजे आठ जणांची होडी, सतरा-अठरा मीटर लांब. शर्यतीची एट कार्बन फायबरची असते आणि तिचं किमान वजन ९६ किलो ठरलेलं आहे. एवढ्या लांबीला ते वजन म्हणजे काहीच नाही. आठ जण ती खांद्यावर घेऊन बाहेर पडतात तेव्हा कॉक्स, म्हणजे होडीचं सुकाणू सांभाळणारा, मागेपुढे पाहत ओरडत असतो. शेपटाची बाजू वळताना तुमच्या डोक्यापाशी येऊ शकते, आणि होडीला गेलेला एक तडा हजारो पाउंडांना पडतो.

दारातल्या कोणालाही ‘बघू का जरा?’ असं विचारा. सरावाची गडबड नसेल तर बहुतेक जण कौतुकाने दाखवतात. शनिवार-रविवारची सकाळ मात्र टाळा.

९. हे क्लब पूर्वी ठरावीक लोकांनाच घ्यायचे असं ऐकलंय. पाटीवर तर तसं काही दिसत नाही.

पाटीवर कधी लिहावंच लागलं नाही, ते नियमांत होतं. पटनीविषयी एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा.

थेम्सवर वल्हवणं हा शतकानुशतकं पोटाचा धंदा होता. पूल थोडे, रस्ते वाईट, म्हणून माणसं नावाड्यांच्या होडीतून ये-जा करायची. त्या नावाड्यांच्या शिकाऊ मुलांसाठी १७१५ मध्ये सुरू झालेली डॉगेट्स कोट अँड बॅज ही शर्यत आजही लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत होते. पुढे सुशिक्षित वर्ग हौसेसाठी याच पाण्यावर उतरला आणि एक पेच पडला. रोज आठ-दहा तास वल्हवणाऱ्याशी शर्यत लावली तर हरणार कोण हे उघड होतं. पैशासाठी वल्हवणाऱ्यांना हौशी शर्यतींतून वगळणं एक वेळ समजू शकतं. पण गाडी तिथे थांबली नाही. १८७९ मध्ये हेन्लीने आणि १८८२ मध्ये स्थापन झालेल्या अमॅच्युअर रोइंग असोसिएशनने हौशी खेळाडूची अशी व्याख्या केली की कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर म्हणून मजुरी केलेला कोणीही त्यात बसेना. त्याने आयुष्यात वल्ह्याला पैशासाठी हात लावला नसला तरीही. सुतार बाद, गवंडी बाद. वकील, बँकेतला कारकून चालेल.

याला विरोधही इथूनच झाला. फ्रेडरिक फर्निव्हल या विद्वान गृहस्थाच्या पुढाकाराने १८९० मध्ये नॅशनल अमॅच्युअर रोइंग असोसिएशन ही वेगळी संघटना निघाली, कष्टकऱ्यांना घेणारी. दोन संघटनांचा हा दुभंग १९५६ पर्यंत टिकला. आजच्या ‘ब्रिटिश रोइंग’ या संघटनेच्या मुळाशी हे एकत्रीकरण आहे.

सर्वांत गाजलेलं प्रकरण १९२० चं. फिलाडेल्फियाच्या व्हेस्पर बोट क्लबचा जॉन केली हेन्लीच्या डायमंड स्कल्ससाठी येणार होता. ही एकेरी शर्यत, स्कल म्हणजे प्रत्येकाने दोन वल्ह्यांनी चालवायची होडी. त्याचा अर्ज नाकारला गेला. त्याच्या क्लबवर हेन्लीची आधीपासून बंदी होती, आणि शिवाय तो गवंडीकाम केलेला होता. त्या वर्षी डायमंड्स जिंकली थेम्स रोइंग क्लबच्या जॅक बेरेसफर्डने. काही आठवड्यांनी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यतीत दोघे समोरासमोर आले आणि केलीने बेरेसफर्डला थोडक्या अंतराने हरवलं. बेरेसफर्डही कमी नव्हता. १९२० ते १९३६ अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये त्याने पदकं मिळवली, त्यात तीन सुवर्ण. केलीच्या मुलाने पुढे १९४७ आणि १९४९ मध्ये तीच डायमंड्स जिंकून बापाची उधारी वसूल केली. केलीची मुलगी म्हणजे अभिनेत्री ग्रेस केली.

नियम मोडीत निघाला तो १९३७ मध्ये. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक एटला, त्यातले खेळाडू पोलीस होते म्हणून, हेन्लीने प्रवेश नाकारला आणि बरीच शोभा झाली.

पुलाच्या टोकाला जे सेंट मेरीचं चर्च दिसतं, तिथे १६४७ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्यातल्या शिपायांनी मालमत्ता नसलेल्या माणसालाही मताचा हक्क हवा, असा वाद मांडला होता. पटनी डिबेट्स म्हणतात ते हेच. चर्चपासून बोटहाउसपर्यंत दहा मिनिटांची चाल आहे. गवंड्याला होडीत बसायचा हक्क मिळायला त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं गेली.

१०. आणि बायका?

त्याही बराच काळ बाहेरच. वर आलेल्या फर्निव्हलनेच १८९६ मध्ये हॅमरस्मिथला मुलींसाठी स्कलिंग क्लब काढला. चहाच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींना रविवारी नदीवर आणायचं ही मूळ कल्पना. नावातच ‘फॉर गर्ल्स’ होतं. १९०१ मध्ये पुरुषांनाही प्रवेश मिळाला. हा क्लब आजही चालू आहे. पटनीतून सुरू होणाऱ्या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बोट रेसमध्ये स्त्रियांची शर्यत पुरुषांच्याच दिवशी, त्याच मार्गावर व्हायला २०१५ उजाडलं. लिअँडरने बायकांना सभासदत्व दिलं ते १९९८ मध्ये. आज पटनीत कुठल्याही सकाळी पाहा, स्त्रियांच्या होड्या पुरुषांइतक्याच दिसतील.

११. क्लबसमोर मोटारी पाण्यात उभ्या असल्याचे फोटो फिरतात. ते खरे आहेत का?

खरे आहेत. यात पूर वगैरे काही नसतो, हे उधाण असतं. पटनी समुद्रापासून लांब असली तरी इथली थेम्स भरती-ओहोटीची आहे. दिवसातून दोनदा नदी उलटी वाहते आणि पाणी सुमारे पाच मीटरने वरखाली होतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी मोठी भरती आली की पाणी घसरणीवरून चढून रस्त्यावर येतं आणि दारांच्या दिशेने सरकतं. क्लबवाल्यांना त्याची सवय आहे. खाली फक्त होड्या, माणसं आणि समारंभ वरच्या मजल्यावर.

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, पण पुण्या-नागपूरच्यांसाठी: उधाणाची भरती एका जागी नेहमी साधारण एकाच वेळी येते. पटनीत ती दुपारी आणि मध्यरात्रीनंतर तीन-चारच्या आसपास. म्हणजे सकाळी कोरड्या रस्त्यावर लावलेली गाडी दुपारी जेवून येईपर्यंत दारापर्यंत पाण्यात. तिथे सूचनाफलक आहेत, तरी दर उधाणाला एखादा सापडतोच.

वल्हवणाऱ्यांसाठी यातून एक मजेदार रिवाज झाला आहे. गमबूट घालून होडी पाण्यात उतरवायची, बसताना बूट काढून काठावर ओळीने ठेवायचे. भरती वाढत असेल तर ते वरच्या पायरीवर ठेवायचं भान हवं. नाहीतर परत येईपर्यंत बूट फुलहॅमच्या दिशेने निघालेले असतात.

१२. मग शर्यती भरतीत होतात की ओहोटीत?

दोन्हीत. ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस पटनीहून मॉर्टलेककडे, चढत्या भरतीबरोबर होते. अंतर ६.८ किलोमीटर, आणि सुरुवात पूर्ण भरतीच्या साधारण दीड तास आधी. म्हणून तिची वेळ दर वर्षी विचित्र असते. हेड ऑफ द रिव्हर उलट दिशेने, मॉर्टलेकहून पटनीकडे, ओहोटीबरोबर. ती १९२६ मध्ये स्टीव्ह फेअरबेर्न या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाने सुरू केली. थेम्स आणि लंडन या दोन्ही प्रतिस्पर्धी क्लबांना त्याने शिकवलं आहे. हिवाळ्यात लांब पल्ल्याचा सराव व्हावा एवढाच त्याचा हेतू होता. पटनीपासून एक मैलावर काठाला त्याच्या स्मरणाचा दगडी स्तंभ आहे, सगळे त्याला ‘माइलपोस्ट’ म्हणतात.

१३. फुटपाथच्या कडेला दगडावर यू, बी, आर अशी अक्षरं दिसली. ती या क्लबची आहेत का?

नाही, युनिव्हर्सिटी बोट रेसची. शर्यतीची सुरुवात या दगडाच्या रेषेत होते आणि मॉर्टलेकला शेवटचा जोडदगड आहे. पहिली शर्यत १८२९ मध्ये हेन्लीला झाली, पटनीला ती १८४५ मध्ये आली. म्हणजे लंडन रोइंग क्लबची पाटी लागण्याआधी अकरा वर्षं इथे गर्दी जमत होती.

१४. रंगीत झेंड्यांच्या सूचना कशासाठी?

मोठ्या पाटीकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल, पण पाण्यावर जाणार असाल तर या सूचना वाचा. पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी नदीचा प्रवाह पाहून ओहोटीसाठी इशारा देते: हिरवा, पिवळा, लाल, काळा. वरच्या भागात पाऊस जास्त झाला की भरती जिथवर पोहोचते त्या टेडिंग्टनहून येणारं पाणी ओहोटीत मिळतं आणि प्रवाह अंगावर येईल इतका जोरात होतो. रंग जसजसा पुढे जातो तशी कोणी जावं, कोणी जाऊ नये यावरची बंधनं कडक होत जातात. क्लबात कितीही मोठं नाव असो, या इशाऱ्यापुढे कोणाचं चालत नाही.

१५. मी पुण्यात सीओईपीला असताना बोट क्लबात होतो, रेगाटाही केली. इथे सरळ सभासद होता येईल?

सभासद होता येईल, ‘सरळ’ मात्र नाही. पुण्यात संगमाजवळचं किंवा बंड गार्डनच्या बंधाऱ्याने अडवलेलं पाणी संथ असतं. इथे प्रवाह दिशा बदलतो, पुलांचे खांब आहेत, वर-खाली जाणाऱ्या मोटारबोटी आहेत. वाहतुकीचा नियमही वेगळा आहे. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होड्या काठाला चिकटून जातात आणि ठरलेल्या जागीच नदी ओलांडतात. नव्याला हा नियम अंगवळणी पडेपर्यंत कोणीही एकट्याला स्कलमध्ये बसू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

करायचं असं: क्लबला लिहा, आधी काय केलंय ते खरं सांगा. पंट किंवा कयाक केलं असेल तर तेच लिहा, रोइंग लिहू नका. पोहता येतं हे दाखवावं लागेल, होडी उलटल्यावर काय करायचं याचा सराव करून घेतील. शर्यतीत उतरायचं तर ब्रिटिश रोइंगची नोंदणी लागते. लंडन आणि थेम्ससारख्या क्लबांत वरच्या गटाची स्पर्धा फार तीव्र आहे. आठवड्यातून दहा-बारा सराव सहज होतात. नोकरी सांभाळून हौस भागवायची असेल तर शिकाऊंचे वर्ग घेणारा क्लब शोधा. पाटीच्या वयावर भाळून क्लब निवडणं हा मला दिसणारा सर्वांत मोठा घोळ आहे.

१६. पुणे, चेन्नई, कोलकाता इथले क्लब याच क्लबाच्या शाखा आहेत का?

नाहीत. शाखा नव्हेत, पण पिढी तीच. लंडन १८५६, कलकत्ता १८५८, मद्रास १८६७, पुणे १८६८. इंग्लंडात रोइंग क्लबांची लाट आली तेव्हा इकडून नोकरीवर गेलेल्या साहेबांनी पाणी दिसेल तिथे तेच उभारलं. पुण्यात बंधाऱ्यामुळे अडलेलं पाणी होतं, त्याला लागून १८६७ चा फिट्झजेरल्ड पूल, लगेच पुढच्या वर्षी क्लब.

आजचं भारतीय रोइंग मात्र या जुन्या दारांतून फारसं आलेलं नाही, ते लष्करातून आलं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्ह्याला लागला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. घरची परिस्थिती पाहता प्रश्न ९ मधल्या नियमाखाली त्याला हेन्लीत पाऊल ठेवता आलं नसतं.

१७. क्लबच्या आत भिंतीवर सोनेरी अक्षरांची वल्ही असतात. ती कशी वाचायची?

एखादी शर्यत जिंकली की त्या चमूला आपलं वल्हं रंगवून घेता येतं. पात्याला क्लबचा रंग, मध्ये चिन्ह, शर्यतीचं नाव आणि साल. मग नावं पुढच्या टोकापासून क्रमाने, आठव्या जागी लय ठरवणारा स्ट्रोक, शेवटी कॉक्स. नावापुढे दोन आकडे असतात, ११ आणि ७ असे. हे गुण नव्हेत, वजन आहे: ११ स्टोन ७ पाउंड, म्हणजे साधारण ७३ किलो. कॉक्सचं वजन पाहिलंत की हसू येतं, एखाद्या शाळकरी मुलाचं असावं तसं. हरवलेल्या क्लबांची नावंही काही वल्ह्यांवर कोरतात. जुनी वल्ही लिलावात येतात तेव्हा नावांच्या आणि सालाच्या जोरावरच किंमत ठरते. रंग उडालेलं असेल तर पुन्हा रंगवून घेऊ नका, किंमत जाते.

१८. नदीचं पाणी स्वच्छ आहे का? मुठेपेक्षा बरं दिसतं.

दिसतं बरं, पण प्यायचा किंवा जखमेला लावायचा मोह नको. लंडनची जुनी गटारं मोठ्या पावसात नदीत ओसंडायची. २०२४ च्या बोट रेसआधी ई-कोलाय या जंतूचं प्रमाण जास्त निघाल्यावर खेळाडूंना सूचना द्याव्या लागल्या. हे सांडपाणी अडवणारा २५ किलोमीटर लांबीचा टाइडवे बोगदा २०२५ च्या सुरुवातीला पूर्णपणे जोडला गेला, त्याचं एक काम पटनीच्या काठावरच चाललं होतं. त्याने फरक पडतो आहे. तरी तळहाताला फोड आले असतील तर झाकून जायचं, आल्यावर साबणाने हात धुवायचे.

१९. पाटीसमोर फोटो काढला, रील केलं तर कोणी अडवेल?

रस्त्यावरून काढायला हरकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचा सराव चालू असेल तर चेहरे घेऊ नका, त्याबाबत क्लब फार काटेकोर असतात. होडी बाहेर येत असताना दारासमोर उभं राहू नका (प्रश्न ८).

२०. वरचा हॉल समारंभाला मिळतो म्हणे. साखरपुड्यासाठी विचारू का?

विचारा. पटनीचे मोठे क्लब वरचे हॉल भाड्याने देतात, आणि नदीकडचा सज्जा खरोखर देखणा आहे. आधी दोन गोष्टी तपासा. जेवण बाहेरून आणता येतं की त्यांच्याच केटररकडून घ्यावं लागतं ते विचारा, नाहीतर पुरणपोळीचा बेत फसेल. आणि तारीख ठरवताना मुहूर्ताबरोबर भरतीचं वेळापत्रकही पाहा (प्रश्न ११). पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते त्यावरच ठरेल.

२१. क्लबची टोपी किंवा टाय विकत मिळते का?

सभासदांनाच. हेन्लीला क्लबचे रंग अंगावर घालणं म्हणजे आपण त्या क्लबातून वल्हवलं असं सांगणं असतं. ऑनलाइन जुना ब्लेझर मिळाला म्हणून घालून गेलात तर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी विचारेल, ‘कुठल्या साली, कितव्या सीटवर?’